अठ्ठेचाळीस भोकांचा पेटारा : घरच्या स्टुडिओसाठी पॅचबे निवडताना

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे आवाज पोचतोय ना? पोचतोय. पंखा चालू राहू द्या, मला सवय आहे. उपनगरात पंख्याशिवाय रेकॉर्डिंग होतं आणि पंख्यासकट व्याख्यान होतं.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडे व्याख्यानांना विषयांचा तोटा नाही; पण एका लोखंडी पट्टीवरच्या भोकांवर कुणी तासभर बोलल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आज तेच करायचंय. वस्तूचं नाव पॅचबे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती व्हिडिओत पाहिली असेल. मागे रॅक, त्यात दिवे, मधे दोन ओळींत चोवीस-चोवीस भोकं आणि त्यातून लोंबणाऱ्या रंगीत वायरी. बघितलं की वाटतं, हा खरा स्टुडिओ. मला आज त्या 'वाटण्या'ची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो. मग ज्या वस्तूवर आपण आठ-दहा हजार, कधी त्याहून जास्त घालवतो तिची का करू नये?

आधी ही वस्तू करते काय ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सहन करा.

मुलुंडहून अंधेरीला जायचंय. २०१४च्या आधी रेल्वेने जायचं तर काय करायचो? खाली दादरपर्यंत यायचं, पूल चढायचा, गर्दीतून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जायचं आणि परत वर अंधेरी. दोन्ही मार्ग अख्ख्या मुंबईत समांतर धावतात, पण एकातून दुसऱ्यात जायचं तर विशिष्ट ठिकाणी जाऊन पूल चढावा लागतो. स्टुडिओतही तसंच असतं. माइकचा प्रीअ‍ॅम्प, कॉम्प्रेसर, रिव्हर्बचं यंत्र, कीबोर्ड, इंटरफेस, सगळ्यांची भोकं मागच्या बाजूला. एकाचं दुसऱ्याला जोडायचं तर रॅकमागे शिरा, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरा, वायर उपटा, दुसरी घाला. पॅचबे म्हणजे त्या सगळ्या मागच्या भोकांना पुढे आणून एका फलाटावर उभं करणं. ८ जून २०१४ला वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, साडेअकरा किलोमीटरच्या आत बारा स्थानकं, आणि घाटकोपरकराचा दादरचा हेलपाटा वाचला. पॅचबे तेच करतो. नवीन गाडी देत नाही, आहेत त्या गाड्यांमधलं अंतर कमी करतो.

आता ही भोकं आली कुठून? टेलिफोनमधून. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज निघालं. १८८२ साली कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईत एक्स्चेंज आली. समोर फळी, फळीवर भोकं, ऑपरेटरच्या हातात वायर. "नंबर प्लीज" म्हणायचं आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात पिन घालायची. आज गिटारला, कीबोर्डला, मोठ्या हेडफोनला जी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन असते, तिचं घराणं हेच. पुढे रेडिओवाल्यांनी ती उचलली, त्यांच्याकडून रेकॉर्डिंगवाल्यांनी. म्हणजे हा सव्वाशे वर्षांहून जुना उपाय आहे, आणि तो मोठ्या घरांसाठी निघालेला उपाय आहे.

हे मी मुद्दाम सांगतोय. मुंबईत एक काळ असा होता की रेकॉर्डिंग म्हणजे ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, व्ही. शांतारामांनी १९४२ साली परळला काढलेलं राजकमल. पन्नास-साठ वादक एका हॉलमध्ये, एका वेळी वाजवणारे. तिथे एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीतल्या यंत्रात न्यायचा तर अशा मधल्या फळीशिवाय गत्यंतर नसतं, कारण यंत्रं डझनांनी, माणसं शिफ्टने, आणि काल कुणी काय जोडलं ते आजच्या माणसाला माहीत नसतं. मग काम उपनगरांकडे सरकलं. जुहूला सनी सुपर साउंड, अंधेरीत वीरा देसाई रोडवर २००५ साली यशराजचा स्टुडिओ. आणि त्यानंतर ते घराघरात शिरलं. आज आरामनगरात, बोरिवलीत, मुलुंडमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत लोक डबिंग करतात, ऑडिओबुक वाचतात, भजनांचे अल्बम करतात. यंत्रं कमी झाली, हॉल गेला, पण फळी मात्र तशीच खोलीत आली. का आली, हे कुणी विचारलं नाही.

म्हणून माझा पहिला आक्षेप वस्तूवर नाही, घेण्यावर आहे.

तुमच्याकडे दोन इनपुटचा इंटरफेस, एक माइक आणि एक कीबोर्ड असेल तर पॅचबे घेऊ नका. संपलं. त्या पैशाचा चांगला माइक स्टँड घ्या, पडदे घ्या, खोलीत रजई टांगा. आठ इनपुटचा इंटरफेस आहे आणि आठच गोष्टी कायमच्या जोडलेल्या राहणार आहेत, तरी घेऊ नका. पुढची अदलाबदल सॉफ्टवेअरमध्ये होते, फुकट होते, आणि तिथे गंज चढत नाही. पॅचबे कुणी घ्यावा? ज्याच्याकडे खरीखुरी बाहेरची यंत्रं आहेत, ती इनपुटपेक्षा जास्त आहेत, आणि ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा त्यांची जोडणी बदलावी लागते त्याने. बस.

थोडा हिशेब करू. समजा आठ लाइन इनपुट आणि आठ आउटपुटचा इंटरफेस. बाहेरचे दोन प्रीअ‍ॅम्प. एक स्टिरिओ कॉम्प्रेसर, एक स्टिरिओ रिव्हर्ब, एक कीबोर्ड. बाहेर पडणारे सिग्नल किती? इंटरफेसचे आठ, प्रीअ‍ॅम्पचे दोन, कॉम्प्रेसरचे दोन, रिव्हर्बचे दोन, कीबोर्डचे दोन, सोळा. आत जाणारे? आठ, दोन आणि दोन, बारा. एकूण अठ्ठावीस. डब्यावर लिहिलेलं असतं अठ्ठेचाळीस पॉइंट, म्हणजे तुम्ही खूश, वीस शिल्लक! पण अठ्ठावीस पॉइंट म्हणजे मागच्या बाजूला अठ्ठावीस वायरी. दीड मीटरच्या धरल्या तर बेचाळीस मीटर केबल, छप्पन्न पिना. स्वतः सोल्डर करणार असाल तर प्रत्येक पिनेला तीन टाके, म्हणजे एकशे अडुसष्ट टाके. (हशा) हसू नका, मी केलेत. तयार वायरी घेतल्या तर त्यांचं बिल पेटाऱ्याच्या किमतीपुढे जातं. 'परवडणारा पॅचबे' म्हणताना लोक पेटाऱ्याची किंमत बघतात. पेटारा या सगळ्या खर्चातला लहान भाऊ आहे.

एवढं ऐकूनही घ्यायचाच असेल, तर आता मुख्य गोष्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं रामायण इथे घडतं.

वरच्या ओळीत बाहेर पडणारे सिग्नल, खालच्या ओळीत आत जाणारे. ही जगभरची रीत आहे, ती मोडू नका. आता वरचं एक नंबर भोक आणि खालचं एक नंबर भोक, यांचा आतून काही संबंध असावा का? तीन उत्तरं आहेत. एक, काही संबंध नाही. वायर घालाल तेव्हाच जोड. दुसरं, 'नॉर्मल': काहीच घातलं नसेल तर वरून खाली सिग्नल आपोआप जातो, आणि दोन्हींपैकी कुठेही पिन घातली की ती आतली वाट तुटते. तिसरं, 'हाफ नॉर्मल': वर पिन घातली तर आतली वाट तशीच राहते, आणखी एक फाटा फुटतो, खाली पिन घातली तर मात्र जुनी वाट तुटते आणि नवीन आलेला सिग्नल आत जातो.

रेल्वेतला सांधा आठवा. कल्याणच्या पुढे एक मार्ग कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. सांधेवाल्याने सांधा एका बाजूला ठेवला की गाडी न सांगता तिकडेच जाणार. नॉर्मल म्हणजे तो आधीच लावून ठेवलेला सांधा. फरक एवढाच की गाडी एका वेळी एकाच मार्गावर जाते, आणि सिग्नल मात्र दोन्हीकडे जाऊ शकतो, म्हणून हाफ नॉर्मल शक्य होतं. प्रीअ‍ॅम्पमधून निघालेला आवाज इंटरफेसमध्येही गेला आणि कॉम्प्रेसरमध्येही, असं करता येतं. एक सिग्नल दोघांना देता येतो. मात्र दोन बाहेर पडणारे सिग्नल एका इनपुटात कधीही एकत्र कोंबायचे नाहीत. त्यासाठी मिक्सर असतो.

घरच्या स्टुडिओत बहुतेक जोड्या हाफ नॉर्मल ठेवाव्यात असं माझं मत आहे. रोजचं काम वायर न घालता चालतं, आणि गरज पडली तर वाट वळवता येते. सगळी पुस्तकं हेच सांगतात आणि ते बरोबर आहे. पण पुस्तकं एक गोष्ट दबक्या आवाजात सांगतात. ती वाट तुटते आणि जुळते कशाने? सॉकेटच्या आत एक पातळ पत्र्याची जीभ असते. पिन नसताना ती दुसऱ्या पत्र्यावर टेकलेली असते. पिन आत गेली की उचलली जाते. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही पॅचबे 'वापरत' नसता, त्याच क्षणी तुमचा सगळा आवाज त्या जिभेच्या टोकावरून चाललेला असतो. स्टिरिओ सॉकेट, बॅलन्स्ड लाइन, म्हणजे दोन जिभा.

आणि आपण राहतो मुंबईत. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला की ओला होतो, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. वर्सोवा, गोराई, मढच्या बाजूला राहणाऱ्यांना वर खारा वारा. पिन सारखी आतबाहेर होत असेल तर घासून पत्रा साफ राहतो. पण जी जोडी महिनोन्‌महिने कुणी हलवत नाही, जिच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास असतो, तिच्याच पत्र्यावर थर चढतो. स्वस्त पॅचबेचा दुबळेपणा पिन घालण्याच्या जागी नसतो. तो न घातलेल्या पिनेच्या जागी असतो.

हे मला वाचून कळलं नाही. सांगतो. बोरिवलीला माझ्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये मी काम करायचो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो, गावाहून महिनाभर आल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येत होत्या हे त्यांनाही माहीत नसावं. एकदा सुरू झाल्या की नातू झोपेपर्यंत चालायचं. मी काकूंच्या मागे लागून एक दुपार मिळवली. जातं मिळवलं, ते मिळवायला जास्त वेळ लागला. एक माइक आजींच्या तोंडापाशी, एक जात्यापाशी. दोन्ही माझ्या प्रीअ‍ॅम्पमधून पॅचबेत, आणि तिथून आतल्या वाटेने, हाफ नॉर्मल, इंटरफेसमध्ये. पुढे एकही वायर नाही. नीटनेटकं.

मी हेडफोन लावून बसलो, तर आजी म्हणाल्या, "बाळा, तू कानात बोळे घालून बसलास तर मी म्हणू कोणाला?" मी हेडफोन काढले. चूक होती का? माणूस म्हणून नव्हती. आजी पाऊण तास गात होत्या, मी समोर बसून मान डोलावत होतो, कडेला स्क्रीनवर मीटर हलताना दिसत होता. मीटर हलतोय ना, मग झालं.

संध्याकाळी ऐकलं. तोंडापाशी ठेवलेल्या माइकची लाइन पहिल्या दहा मिनिटांनंतर निम्म्यावर आलेली. दोन जिभांपैकी एक सुटली होती. बॅलन्स्ड लाइनची एक बाजू गेली की माझ्या प्रीअ‍ॅम्पसारख्या यंत्रात व्होल्टेज निम्मा होतो, ६ डेसिबल खाली, आणि जी गुणगुण बॅलन्स्ड लाइन मारून टाकते ती जिवंत होते. त्यात दुसरी जीभही अधूनमधून चरचरत होती. पाव तासानंतरचं तर ऐकवत नाही. जात्याचा माइक मात्र स्वच्छ. त्यामुळे आज माझ्याकडे आजींचा जो आवाज आहे तो जात्याच्या घरघरीच्या मागून, लांबून येणारा आहे. परत रेकॉर्ड करू म्हटलं, पण आजी गावी गेल्या, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांचं निरोप आला नाही, त्यांचाच निरोप आला. कोणत्या कंपनीचा पॅचबे होता ते मी सांगणार नाही. कारण दोष त्या एका कंपनीचा होता असं मला वाटत नाही, आणि अर्धा दोष माझा होता. तीन वर्षं मी ती जोडी हलवली नव्हती.

तेव्हापासून मी पॅचबेकडे एकाच प्रश्नाने बघतो: ही जीभ बिघडली तर मला तिच्यापर्यंत पोचता येतं का? या कसोटीवर बाजारातले तीन नेहमीचे नमुने लावून बघू. तिन्ही एका रॅक युनिटचे, म्हणजे १९ इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच, तिन्हींत अठ्ठेचाळीस पाव इंची सॉकेट, तिन्ही बॅलन्स्ड.

बेहरिंगरचा पीएक्स३०००. बहुतेकांचा पहिला हाच असतो. प्रत्येक जोडीला तीन स्थितींचा स्विच आहे, पण तो पेटाऱ्याच्या माथ्यावर. एकदा रॅकमध्ये बसवला, वर दुसरं यंत्र आलं की स्विचला हात लावायला अख्खा पेटारा बाहेर ओढायचा. लोक याला गैरसोय म्हणतात. मी म्हणतो बरंच आहे. जोडण्याची पद्धत एकदा ठरवायची असते, रोज नाही.

सॅमसनचा एस-पॅच प्लस. स्विच तेच, पण दर्शनी भागावर. जाहिरातीत हा मोठा गुण. माझ्या लेखी नाही. घरात लहान मूल असेल, किंवा माझ्यासारखा कोपर मारणारा माणूस असेल, तर एक स्विच सरकतो आणि तुम्ही तासभर शोधत बसता आवाज गेला कुठे. शिवाय दोन्ही नमुन्यांत एक गोष्ट लक्षात घ्या: स्विच म्हणजे आणखी एक संपर्क. जिभेवर थर चढतो तसा स्विचच्या आतही चढतो. सोय जितकी जास्त तितक्या गंजायच्या जागा जास्त.

न्यूट्रिकचा एनवायएस-एसपीपी-एल१. दिसायला तिघांत सगळ्यात रुक्ष. स्विच नाहीतच. प्रत्येक जोडीचं आपलं वेगळं छोटं कार्ड. जोड बदलायची तर कार्ड बाहेर काढून उलटं बसवायचं. ऐकायला कटकटीचं वाटतं ना? पण एक जोडी बिघडली तर तेवढंच कार्ड हातात येतं. उजेडात धरता येतं, साफ करता येतं, सोल्डर मारता येतो. बाकीच्या तेवीस जोड्यांना धक्का नाही. मला विचाराल तर परवडणाऱ्या वर्गात रचना म्हणून हीच उजवी. कारण ती बनवणाऱ्याने 'हे कधीतरी बिघडेल' हे मान्य केलेलं आहे. किमती मी सांगत नाही. आज सांगेन, हे शब्दांकन येईपर्यंत बदललेल्या असतील. पण दोन नमुन्यांतला फरक एका बऱ्या जेवणाच्या बिलाएवढा असेल तर कार्डवाला घ्या.

मोठ्या स्टुडिओत बारीक पिनेचे, ४.४ मिलिमीटरचे पॅचबे असतात, एका ओळीत अठ्ठेचाळीस बसतात. सुंदर वस्तू. आपल्यासाठी नाही, वायरीच दिवाळं काढतील.

आणि लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत गेलात की पत्र्याची पट्टी, सॉकेट, केबल मीटरवर, सगळं मिळतं. स्विचिंगवाले स्टिरिओ सॉकेट मागा, ज्यांना मागे आणखी दोन-तीन पाय जास्त असतात; ते पाय म्हणजेच त्या जिभा. आठ जोड्यांची पट्टी स्वतः केली तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुरुस्त करण्याजोगी. भोकं सरळ रेषेत पाडायला मात्र ड्रिल स्टँड लागतो, नाहीतर माझ्यासारखी चाळीच्या जिन्यासारखी दिसतील. एक सावधगिरी: भंगारात कधी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या फळ्या मिळतात, पितळी, जड, मोहात पाडणाऱ्या. त्यांच्या पिनेचा व्यास आपल्यासारखाच वाटतो, पण टोकाचा आकार वेगळा, बारीक. आपली हेडफोनची पिन त्यात घातलीत तर आतले पत्रे वाकतात. शोभेला ठेवा.

आता ज्या गोष्टी पॅचबेतून नेऊच नयेत त्या भरभर सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला जाणारी लाइन कधीच नाही. गिटारचा थेट पिकअप शक्यतो नाही. वायर लांबली की वरचे स्वर बोथट होतात. आणि माइक नाही. हे मी ठासून सांगतो, कारण विकणारे 'सगळं जोडा' म्हणतात. कंडेन्सर माइकला प्रीअ‍ॅम्पकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा जातो. पाव इंची पिन आत शिरताना तिचं टोक वाटेतल्या पत्र्यांना घासत जातं, क्षणभर शॉर्ट होतं. स्पीकरमधून धाडकन आवाज येतो तो याचाच. रिबन माइक असेल तर त्याची रिबन ताणली जाऊ शकते, आणि ती दुरुस्ती तुमच्या पॅचबेपेक्षा महाग पडेल. माइकसाठी तीन पिनांचे एक्सएलआरच बरे, थेट प्रीअ‍ॅम्पला.

दुकानात जाताना खिशात मल्टिमीटर ठेवा. लाज वाटून घेऊ नका, रिक्षाचं मीटर बघतोच ना आपण. दोन गोष्टी तपासा. एक, पिन न घालता वरच्या भोकाच्या मागून खालच्या भोकाच्या मागे जोड दिसतो का, दोन्ही तारांचा, चोवीसही जोड्यांचा. दुसरं, शेजारशेजारच्या सॉकेटांचे अर्थ आतून एकमेकांना जोडलेले आहेत का. असतील तर वाईट असं नाही, पण मग सगळ्या यंत्रांचे अर्थ तुमच्या नकळत एकत्र येतात आणि ५० हर्ट्झची घुमघुम यायला वाट मिळते. जुन्या बिल्डिंगमध्ये प्लगला तीन भोकं असतात, तिसऱ्यात अर्थिंग असेलच असं नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग पॅचबेला शिव्या द्या.

घरी आणल्यावर नावं लिहा. नंबर पुरत नाहीत. पांढरी टेप लावून मराठीत लिहा, 'कीबोर्ड डावा', 'रिव्हर्ब आत'. आणि महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, प्रत्येक भोकात पिन चार-पाच वेळा आतबाहेर करा. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, कॉन्टॅक्ट क्लीनर पिनेवर मारून तीच कसरत. थेट भोकात फवारू नका, चिकट होतं. रॅकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यातल्या चालतात.

प्रश्न आहेत का? हो, तुम्ही.

(श्रोत्यांतून: मग पुन्हा करायचं असेल तर आजींचं रेकॉर्डिंग पॅचबेतून कराल की थेट?)

थेट. प्रीअ‍ॅम्पमधून सरळ इंटरफेसमध्ये, मधे काही नाही. जे एकदाच होणार आहे त्यात सांधे कमी असावेत. पॅचबे मिक्सिंगच्या दिवशी, कॉम्प्रेसर फिरवून बघायच्या दिवशी. पाहुण्यांच्या दिवशी नाही.

(दुसरे श्रोते: माझ्याकडे सेकंडहँड आलाय, चार जोड्या मृत आहेत. टाकून देऊ?)

कोणता आहे? ...स्विचवाला. नाही, टाकू नका. त्या चार जोड्यांवर टेप लावा आणि वीस वापरा, तुम्हाला वीस तरी कुठे लागतात? तरी उघडायचाच असेल तर शनिवारी घेऊन या, घाटकोपरला माझ्याकडे. सोल्डरिंग आयर्न आहे. येताना डिसोल्डर पंप आणा, माझा कुणीतरी नेलाय.